मर्चिसन धबधब्याखालची नाईल : पक्षिनिरीक्षणाच्या नौकेचा इतिहास

युगांडात व्हिक्टोरिया नाईल मर्चिसन धबधब्यापाशी सुमारे ७ मीटर रुंदीच्या खडकाळ फटीतून ४३ मीटर खाली कोसळते आणि पुढे संथ होत अल्बर्ट सरोवराला मिळते. पारा येथील धक्क्यावरून नौका प्रवाहाविरुद्ध धबधब्याच्या दिशेने निघतात. मगरी आणि पाणघोडे यांच्यामुळे इथला काठ पायी हिंडण्याजोगा नाही. त्यामुळे लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना पक्षी पाहण्यासाठी नौकाच सोयीची ठरते.

सॅम्युअल बेकर आणि त्यांची सहप्रवासी फ्लॉरेन्स १८६४ मध्ये अल्बर्ट सरोवराकडून होडीने नदीत शिरून धबधब्यापर्यंत आले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष सर रॉडरिक मर्चिसन यांचे नाव बेकर यांनी धबधब्याला दिले. त्या काळी या खोऱ्यात माणसांची वस्ती होती.

ती वस्ती उठली ती निद्रारोगामुळे. त्से-त्से माशीतून पसरणाऱ्या या रोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडात दोन लाखांहून अधिक बळी घेतले. ब्रिटिश प्रशासनाने नदीकाठच्या लोकांना सक्तीने हलवले. मोकळ्या झालेल्या प्रदेशात जनावरे वाढली, १९१० मध्ये तिथे शिकारबंदीचे राखीव क्षेत्र झाले आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान.

उद्यानाबरोबर पारा येथे पर्यटकांसाठी निवासगृह आणि नौकांची सोय झाली. सुरुवातीचे आकर्षण हत्ती, पाणघोडे आणि मगरींचे होते. पक्षी ओघाने दिसत. १९७०च्या दशकात, इदी अमीन यांच्या राजवटीत, ब्रिटिशांशी लढलेल्या बुन्योरोच्या राजावरून उद्यानाला कबालेगा हे नाव मिळाले. याच दशकात आणि पुढील यादवीत बेसुमार शिकार होऊन हत्तींचे कळप पार रोडावले, पर्यटनही थंडावले. १९९०च्या दशकाअखेरीस ते पुन्हा सावरू लागले, तरी उत्तरेकडील बंडखोरीमुळे असुरक्षितता २००५-०६ पर्यंत टिकली.

आता मात्र अनेकजण केवळ पक्ष्यांसाठी येतात. उद्यानात सुमारे ४५० जातींची नोंद आहे. नौका काठाजवळून हळू जाते तेव्हा उभ्या मातीच्या दरडींत लाल गळ्याच्या वेड्या राघूंची बिळे दाटीवाटीने दिसतात. कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत राहतो, चोच खाली रोखतो आणि सरळ सूर मारतो. शूबिलसाठी मात्र उलट दिशेला, नदी सरोवराला मिळते तिथल्या त्रिभुज प्रदेशातील पपायरसच्या दलदलीकडे जावे लागते. करड्या रंगाचा, जाड चोचीचा हा पक्षी लंगफिश माशाची वाट पाहत बराच वेळ निश्चल उभा राहतो. इंजिन बंद करून थोडे दुरूनच पाहिले, तर तो जागचा हलत नाही. हा त्रिभुज प्रदेश २००६ मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत समाविष्ट झाला.

त्याच परिसरात आता खनिज तेलाचा प्रकल्प उभा राहत असून काही विहिरी थेट उद्यानाच्या हद्दीत आहेत. नौकेतून दिसणारा निर्मनुष्य काठ आदिम वाटला, तरी तो शंभर-सव्वाशे वर्षांचाच आहे. एका साथीने आणि सरकारी हुकुमाने तो घडवला.