प्लेगच्या गाठीपासून विळ्याच्या पेशीपर्यंत



रोगजंतू आणि रक्तातील आनुवंशिक दोष यांच्या संशोधनाचा इतिहास हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे सोपविला, तेव्हा काही मंडळींना नवल वाटले. असा विषय डॉक्टराने मांडावा असा रिवाज आहे, आणि मी डॉक्टर नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. परंतु या इतिहासात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ जसा आहे, तसा काचेच्या पट्टीवर ज्याच्या रक्ताचा थेंब ठेवला आहे तो माणूसही आहे. पहिल्यावर पुष्कळ ग्रंथ झाले. दुसऱ्याची हकिकत कामगार चळवळीतल्या माणसाने सांगितली, तर ते गैर होणार नाही.

आरंभ मुंबईपासून करू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाची गाठ पाहून हा प्लेग असल्याचे निदान केले. प्लेगचा जंतू त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन या शास्त्रज्ञाने शोधून काढला होता. म्हणजे रोग कशाने होतो हे कळले होते. तो एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत कसा जातो हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. या अर्धवट ज्ञानाची किंमत पुढे फार मोठी पडली.

शहर ओस पडू लागले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. मालक रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून मजुरांची बोली लावू लागले आणि मजुरी रोजच्या रोज द्यावी लागली. मजुरीसाठी एरवी महिनोन्महिने तिष्ठणाऱ्या गिरणीकामगाराला आपल्या श्रमाचा भाव कळला तो मरणाच्या छायेत. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजारभर गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या इमारतीत नेलेले आपले माणूस बहुधा परत येत नाही, आणि आत काय चालते हे कोणी आपल्या भाषेत सांगत नाही, त्या इमारतीबद्दल मनात भय बसावे यात अडाणीपणा तो किती?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरांच्या झडत्या, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, रुग्णास सक्तीने इस्पितळात नेणे, सामानसुमान जाळणे हे सारे कायदेशीर झाले. पुण्यात गोरे शिपाई थेट घरात आणि देवघरात शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास आपणां सर्वांस पाठ आहे. रोग पसरवीत होत्या उंदरांवरच्या पिसवा, आणि झडती होत होती माणसांची. पिसवांची ही भूमिका सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीला प्रयोग करून दाखविली. तीही सर्वमान्य व्हावयास आणखी काही वर्षे गेली.

या साथीत आपली दोन मोठी माणसे गेली. मुंबईत गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने वारले. रविवारची सुटी मिळवून देणारा हा गृहस्थ साथीच्या दिवसांत रुग्णसेवेत होता. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांच्या मुलाने, डॉ. यशवंतरावांनी, दवाखाना उघडला होता. तेथे रुग्ण आणता आणता त्यांनाच लागण झाली. लोकांचा विश्वास कोठे होता, हे या दोन नावांवरून कळते. सरकारचे शिपाई आले की लोक रुग्ण लपवीत; सावित्रीबाई आल्या की दार उघडत.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना अगदी तुटपुंजी जागा मिळाली. तेथे त्यांनी मांसरसात प्लेगचे जंतू वाढविले, आणि वाढ चांगली व्हावी म्हणून वर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या आधाराने जंतूंचे झुबके खाली लोंबत. मग उष्णतेने ते जंतू मारून लस तयार होई. आपल्या स्वयंपाकघरातले तूप असे जगाच्या वैद्यकाच्या इतिहासात जाऊन बसले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगात स्वेच्छा किती असते याचा विचार श्रोत्यांनी करावा. लस घेतलेल्यांत रोग कमी झाला, हे मात्र खरे.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. परंतु त्याआधी त्यांच्यावर मोठा प्रसंग गुदरला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला. सर्व दोष प्रयोगशाळेवर ढकलून हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली होती, आणि ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट चौकशीत दबून राहिली. सर रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ साली ते निर्दोष ठरले. ज्यांच्यावर कधी खोटे आरोपपत्र आले आहे, त्यांना त्या पाच वर्षांचा अर्थ सांगावयास नको.

रॉस यांचे नाव निघाले, तेव्हा आपल्या जुन्या राज्याकडे येऊ. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते. त्याच मुलखात, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. त्या डासांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यायले होते. दर डासामागे एक आणा, अशी त्याची मजुरी ठरली होती. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानचे आणे हाही त्या शोधाचा हिशेब आहे, आणि तो वहीत असला पाहिजे.

प्लेग संपला असे वाटत असतानाच ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावी, तो पुन्हा दिसला. पुढच्याच महिन्यात सुरतेत त्याचा फुप्फुसाचा प्रकार निघाला आणि लाखो मजुरांनी ते शहर सोडले. सत्त्याण्णव वर्षांनी मुंबईचेच चित्र! फरक एवढाच, की या वेळी टेट्रासायक्लीन हाताशी होते. रोगी मोजके राहिले. भीती तेवढीच राहिली.

आणि २०२० साली करोना आला. तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे निघालेले मजूर, भुसावळहून गाडी मिळेल या आशेने, लोहमार्गाच्या कडेने चालत होते. थकून ते करमाडजवळ रुळांवरच निजले. ८ मेच्या पहाटे मालगाडीने त्यांतील सोळा जणांना चिरडले. त्यांना विषाणूने मारले नाही. घरी बसा, असे सांगणाऱ्यांनी ज्याचे घर आठशे किलोमीटरवर आहे त्याने कोठे बसावे आणि काय खावे, एवढे सांगितले नव्हते. रोगाची मोजणी करताना हे सोळा मृत्यू कोणत्या रकान्यात घालावयाचे?

याच साथीने एक नवा शब्द घरोघर पोहोचविला : उत्परिवर्तन. विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि नकलेत चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादी त्याच्या पथ्यावर पडते. ज्या वंशावळीतून पुढे डेल्टा निघाला, तिचा गाजावाजा २०२१ च्या आरंभी आपल्याच विदर्भातून झाला. परंतु नकलेतील चूक ही जंतूंचीच मिरास नव्हे. माणसाच्या जनुकांतही ती होते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते. जालना हे बियाण्यांचे गाव. वाणात काय उतरते आणि काय उतरत नाही, हे येथील शेतकऱ्यास मी शिकवावे असे नाही. एका अक्षराने केवढा अनर्थ होतो, हे तर मराठी माणूस ‘ध चा मा’ या आख्यायिकेपासून जाणतो. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आणि नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला.

रक्तातला असाच एक ‘ध चा मा’ म्हणजे सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते, फरक एवढाच. तो १९५६ - ५७ च्या सुमारास इनग्राम यांनी दाखविला. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे आणि सांधे असह्य ठणकतात. उन्हाने वा भट्टीच्या धगीने अंगातले पाणी आटले की हे दुखणे उसळते. अशा माणसाला मुकादमाने कामचुकार ठरवावे, हे किती सोपे! चूक आईबाप दोघांकडूनही आली तर रोग. एकाकडूनच आली तर माणूस केवळ वाहक, बहुधा निरोगी. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक.

मग एवढी घातक चूक टिकली कशी? याचे उत्तर १९५४ साली ॲलिसन यांनी दिले : वाहकाला तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे रॉसचा डास आणि हा विळा यांची गाठ फार जुनी आहे. जेथे हिवताप होता, त्या रानांत आणि गावांत ही चूक वाचली. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे ती अधिक आढळते ती म्हणूनच. ती कोणत्या जातीचे पाप नव्हे, कोणत्या जमातीचा कलंक नव्हे. ती हिवतापाशी झालेल्या झुंजीची खूण आहे. मुंबईतही १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगावेगळा रक्तगट शोधला. तो ‘बॉम्बे’ रक्तगट हेही एका जनुकातील बदलाचेच फळ. ज्याच्याजवळ तो आहे, त्याला त्याच गटाचे रक्त लागते. एरवी त्याचे काही बिघडत नाही.

आता प्रश्न ज्ञानाचा राहिलेला नाही, व्यवहाराचा आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस आरंभ झाला, तो मध्य प्रदेशातील शहडोल येथे. करमाडला गेलेले मजूर शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतलेच होते. सात कोटी लोकांच्या रक्ताची तपासणी करण्याचे ठरले. काम चांगले आहे. मी त्याच्या बाजूचा आहे. परंतु तपासणीनंतर हातात कार्ड पडते आणि त्यावर ‘वाहक’ असा शब्द असतो. ते कार्ड मुलीच्या लग्नाच्या बैठकीत कोण वाचणार? भरतीच्या खिडकीवर कोण मागणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना स्थान मिळाले, हे हक्काचे पाऊल आहे. ते आपोआप पडलेले नाही. नागपुरात संपत रामटेके यांच्यासारख्यांनी रुग्णांची संघटना बांधली, म्हणून या दुखण्याला सार्वजनिक आवाज मिळाला.

उपचारही आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या साध्या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका यांनी जनुकालाच कात्री लावणाऱ्या क्रिस्पर उपचारास मान्यता दिली. अमेरिकेतील त्याची किंमत तेव्हा एका माणसामागे २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात होती. हुसेन खानच्या एका आण्यापासून निघालेला हिशेब येथवर येऊन पोहोचला!

मित्रहो, या सव्वाशे वर्षांतून मला तीन गोष्टी दिसतात. तपासणी करावयाची तर ती माणसाच्या भाषेत, त्याला समजावून आणि त्याच्या संमतीने करावी. साथीत एखाद्यास घरी बसवावयाचे तर त्याची मजुरी आणि भाकरी आधी ठरवावी. आणि रक्तातून जी माहिती निघेल ती रुग्णाच्या कामी यावी, त्याला कामावरून काढण्याच्या कामी नव्हे. या तीन मागण्या विज्ञानविरोधी नाहीत. त्या मान्य झाल्या तर रुग्ण लपणार नाही, आणि रुग्ण लपला नाही तर शास्त्रज्ञाचे अर्धे काम होते. मुलकोवालला जमिनीवर पडलेला चिमटा कोणी तरी पाहिला होता. पाहणाऱ्याला निर्भयपणे बोलता आले पाहिजे आणि वरच्याने ते ऐकले पाहिजे, एवढीच माझी विनंती आहे.