पाच खुणांचं पुस्तक

साल १९५८, महिना जुलै, आषाढाचा वद्य पक्ष. तुम्ही गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आहात. नाशिकहून आठवडाभर राहायला आलेले, माईच्या माहेरचे पाहुणे. जाग येते ती पितळेच्या घागरीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजाने. नळ पहाटे येतो आणि गेला की गेलाच, म्हणून माई अंधारातच उठली आहे. अण्णा, दादा आणि शाळकरी बाळू बाहेरच्या खोलीत, आजी आणि ताई आतल्या खोलीत, तुमची वळकटी मधल्या उंबऱ्याशी. कूस बदलायची तर आधी शेजारच्याचा अंदाज घ्यावा लागतो.

उजाडता उजाडता दादा रिकाम्या बाटल्या आणि कार्ड घेऊन आरेच्या केंद्रावर जातो, दूध घेऊन येतो. स्टोला पिन मारली जाते, पंप होतो, निळी ज्योत धरते. चहा पिताना माई हिशेब सांगते तो आण्यांत, आणि बाळू त्याचे नवे पैसे करून दाखवतो. दशमान नाणी येऊन सव्वा वर्ष झालं, तरी भाजीवाली अजून चार आणेच म्हणते. शेर आणि रत्तल अजून आहेत. किलो यायचा आहे. महाराष्ट्र राज्यही यायचं आहे. अण्णा आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ मोठ्याने वाचतात आणि शेजारचे दोघेजण ऐकायला दारात येऊन उभे राहतात.

साडेनऊनंतर घर रिकामं होतं. अण्णा फोर्टातल्या कचेरीत, दादा कॉलेजात, ताई आणि बाळू शाळेत. डबेवाला अण्णांचा डबा घेऊन जातो. आता घरात आजी, माई, तुम्ही आणि पाऊस.

सोमवारी संध्याकाळी पुस्तक येतं.

दादाबरोबर तुम्हीही लायब्ररीत जाता. ही १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी मोठी संस्था नाही. एका गाळ्यात भिंतभर फळ्या, पुढे टेबल, टेबलावर जाड वही. अनामत ठेवायची, दरमहा वर्गणी भरायची, एका वेळी एक पुस्तक न्यायचं. सगळ्या पुस्तकांना एकसारखं तपकिरी कव्हर, पाठीवर शाईने आकडा. तरी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांची फळी लांबून ओळखू येते, कारण तीच सर्वांत रिकामी असते. लायब्ररीवाले काका टेबलाखालून एक पुस्तक काढतात. दादासाठी राखून ठेवलेलं. अर्नाळकरांच्या धनंजय या नायकाचं आहे. कव्हर मऊ पडलंय, कोपरे गोल झालेत आणि पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय : ‘मधून वाचू नये.’

घरी आल्यावर नंबर लागतात. आणणाऱ्याचा पहिला मान, म्हणून ही रात्र दादाची. दहा वाजता खोलीतला दिवा मालवला जातो. मग दादा गॅलरीतल्या सामाईक दिव्याखाली उकिडवा बसतो, पाठीवर टॉवेल घेऊन. पावसाचे शिंतोडे आले की तो पुस्तक पोटाशी घेतो, पण उठत नाही.

मंगळवारी दुपारी दोन वाजता तुम्हाला या घराचा एक अलिखित कायदा कळतो. भांडी घासून झाली, ओटा पुसला, आजी आडवी झाली की माई पदराला हात पुसत दादाच्या गादीखालून पुस्तक काढते आणि गॅलरीच्या दाराशी, उजेडात, भिंतीला टेकून बसते. चार वाजेपर्यंत माईला हाक मारायची नाही. बोहारीण आली तर तुम्ही जाऊन ‘उद्या ये’ सांगायचं. शेजारणीसुद्धा पुस्तक हातात दिसलं की मागे फिरतात.

तिच्याकडे नीट पाहा. पहाटेपासून या बाईच्या वाट्याला एकही कोपरा आलेला नाही. मोरी सामाईक, नळ सामाईक, झोपायची जागासुद्धा सामाईक. हे दोन तास मात्र पूर्ण तिचे आहेत. त्या पानांत मोटारी भरधाव जातात, टेलिफोन खणखणतात, श्रीमंतांच्या बंगल्यांतून दागिने नाहीसे होतात, आणि धनंजय व त्याचा साथीदार छोटू माग काढत निघतात. या चाळीत कुणाकडे टेलिफोन नाही. मोटार माईने रस्त्यावरच पाहिली आहे. तरी ती त्या गोष्टीत ऐटीत वावरते, कारण शहर तिचंच आहे. चार वाजले की ती केसांतला एक आकडा काढते, पानांत घालते आणि चहाचं आधण ठेवते.

तो आकडा पाहून तुम्ही पुस्तक हळूच उघडता. आत आणखी एक खूण आहे. बेस्टच्या बसचं तिकीट, बरंच पुढे. ते दादाचं. शनिवारपर्यंत या एका पुस्तकात पाच खुणा होतील. अण्णांचं पोस्टकार्ड, ताईच्या रिबिनीचा तुकडा, आणि आजीसाठी कापसाची एक वात. कोण कुठपर्यंत आलंय ते न विचारता कळतं. ज्याची खूण मागे, त्याच्यासमोर पुढचं बोलायचं नाही, हा दुसरा कायदा.

बुधवारी रात्री आठला मधल्या बिऱ्हाडातला रेडिओ गॅलरीच्या दिशेने फिरवला जातो. रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींचा आवाज येतो आणि अख्खा मजला बिनाका गीतमालेसाठी बाहेर जमतो. ताई पाटावर, बाळू कठड्याला लोंबकळत. त्या वेळी आत पाहा. रिकाम्या खोलीत अण्णा एकटेच, चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक डोळ्यांजवळ धरून बसले आहेत. अण्णांचा पिंड हरिभाऊ आपट्यांवर पोसलेला. ट्रंकेत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची जीर्ण प्रत आहे. रहस्यकथेला समीक्षक साहित्य मानत नाहीत हेही त्यांना माहीत आहे. तुम्ही विचारता तेव्हा ते पोस्टकार्ड पानांत घालतात आणि शांतपणे सांगतात, “कचेरीतला पट्टेवाला चौथीपर्यंत शिकलाय. आज डबा खाताना हेच वाचत होता. आमच्या थोर लेखकांपैकी किती जण त्याच्यापर्यंत पोचले?”

अण्णांचं म्हणणं खरं आहे आणि ते किती खरं आहे, हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वसईजवळच्या अर्नाळा गावावरून त्यांनी टोपणनाव घेतलं. १९९६ साली त्यांचं निधन होईल तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा असतील. पुढे गुरुनाथ नाईक येतील, तेही हजाराचा आकडा ओलांडतील. सुहास शिरवळकर येतील. त्यांना आज अजून दहा वर्षंही पूर्ण झालेली नाहीत. अक्षर जुळवत जुळवत वाचणाऱ्या माणसाला पान उलटायची ओढ या मंडळींनी लावली. वाचायची सवय अशी ओढीनेच लागते, आणि ती लागल्यावरच माणूस पुढच्या फळीकडे हात नेतो. मराठीवर हे त्यांचं ऋण आहे. ते मोठ्या मनाने मान्य करायला आपण फार उशीर लावला.

गुरुवारी पाऊस असा लागतो की शाळा लवकर सुटते. बाळू भिजून येतो, माई त्याचं डोकं पुसते, आणि मग त्याला आजीपुढे बसवलं जातं. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिचा नंबर तो वाचून भरून काढतो. बाळूचं वाचन ठेचकाळत चालतं. स्वल्पविरामाला थांबतो, जोडाक्षराला अडखळतो. पण आजीला तीच गती हवी असते. वाती वळता वळता ती प्रत्येक पात्राची चौकशी करते. “हा मघाशी दिवाणखान्यात होता ना? मग त्याचे जोडे ओले कसे?” बाळू मागची पानं उलटतो. जोडे खरंच ओले आहेत. त्याने हे वाचलं होतं, पण त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आजीचा कान असा तयार कुठे झाला? ती लग्न होऊन आली तेव्हा सासरी रात्री गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या वाचल्या जात. ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’. इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कथानकांवर दातारशास्त्र्यांनी उभारलेल्या, भुयारांच्या आणि कारस्थानांच्या कादंबऱ्या. दीर वाचत, बायका माजघरात अंधारात बसून ऐकत. आजीला लिहिता येत नाही. पण कथानकात कुठे भोक ठेवलंय ते तिला या घरात सगळ्यांच्या आधी कळतं.

शुक्रवारी माई आषाढ तळते. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळाच्या कापण्या. गॅलरीभर वास. आजीचा चातुर्मास आहे, म्हणून घरात कांदालसूण नाही. तळण मात्र तिला चालतं. दादा फोर्टातल्या पदपथावरून जुनं पुस्तक घेऊन आलाय. हिरव्या कव्हरचं पेंग्विन, अगाथा ख्रिस्ती. पुऱ्या खाता खाता तो सांगतो, की लंडनमध्ये बाईंचं ‘द माउसट्रॅप’ नावाचं नाटक १९५२ पासून चालू आहे, आणि पडदा पडताना नटमंडळी प्रेक्षकांना विनंती करतात : खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका.

“मग त्यात विनंती कसली?” माई म्हणते. “एवढं तर कुणालाही कळतं.”

या घरात ते खरंच कळतं. शेवट आजवर तिघांना माहीत झालाय. दादा, माई आणि काल रात्री अण्णा. एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन सगळे मांडीला मांडी लावून जेवतात, पण कुणाच्या तोंडून एक शब्द निसटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत कुठलीच गोष्ट लपत नाही. कुणाला पगारवाढ मिळाली नाही, कुणाचं स्थळ मोडलं, कुणाच्या पोटात दुखतंय, सगळं सगळ्यांना ऐकू जातं. अशा ठिकाणी एक गुपित मुद्दाम, एकमेकांसाठी, राखलं जातंय. दुसऱ्याचा आनंद त्याच्या हाती जसाच्या तसा पोचावा म्हणून गप्प राहणं. प्रेमाची ही रीत तुम्ही इथे येताना अपेक्षिली नव्हती.

शनिवारी अण्णांची अर्ध्या दिवसाची कचेरी. दुपारी ताईचं वाचून होतं. ती पुस्तक मिटते, तोंडावर हात ठेवते आणि आजीकडे पाहून चटकन नजर वळवते. संध्याकाळी पाऊस उघडतो. अण्णा तुम्हाला गॅलरीतून खालचा रस्ता दाखवतात. १९५६ च्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयानंतर, या भागात गोळीबार झाला होता. दारं लावून सगळे आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. बाळू तेव्हा फार लहान. ज्यांनी गोळ्या चालवण्याचे हुकूम दिले त्यांना कुणी जाब विचारला नाही, असं अण्णा म्हणतात, आणि थोडं थांबून पुढे बोलतात : “पुस्तकात निदान शेवटच्या पानावर जाब विचारला जातो.” मग तुमच्या लक्षात येतं, की या घरातली ही निवांत दुपार कुणी आयती दिलेली नाही. ती या माणसांनी रोज पाणी भरता भरता, आवाज खाली ठेवून, एकमेकांना जागा करून देत घडवलेली आहे.

रविवार. उद्या पुस्तक परत करायचंय आणि कापसाची वात शेवटून दुसऱ्या प्रकरणात आहे. दुपारची जेवणं झाल्यावर कुणी आडवं होत नाही. बाळू मधोमध, आजी भिंतीशी, आणि शेवट ठाऊक असलेले चौघं काहीतरी काम असल्यासारखे आसपास. माई उगाच डाळ निवडते. शेवटच्या प्रकरणाआधी आजी हात वर करून बाळूला थांबवते. “त्या ओल्या जोड्यांच्या माणसाला उगाच पुढे केलंय. चोर घरातलाच. चावी सांभाळणारा.”

चौघंही डोळे खाली घालतात. बाळू वाचतो. अडखळतो, पुन्हा वाचतो. चावी सांभाळणाराच असतो.

आणि मग आठवडाभर दाबून धरलेलं सगळं एकदम फुटतं. ताई ओरडते, की तिला शेवटच्या पानापर्यंत शंका आली नव्हती. दादा म्हणतो, छोटूला ते आधीच कळायला हवं होतं. माईला शेठजींच्या बायकोचा राग आहे आणि तो ती मोजून पाच कारणं देऊन सांगते. अण्णा एका मराठी वाक्याची तारीफ करतात, ते ऐकायला कुणाला वेळ नाही. आवाज ऐकून शेजारची दोन बिऱ्हाडं येतात. त्यांनी हे पुस्तक मागच्याच महिन्यात वाचलेलं आहे, आणि त्या दिवसापासून तीही गप्प होती.

मुंबईत दूरदर्शन यायला अजून चौदा वर्षं आहेत. उद्या काय आणायचं, यावर मतं घेतली जातात. अर्नाळकरांच्याच नायकांपैकी बाळू आणि ताई काळापहाडसाठी हात वर करतात, दादा आणि माई झुंझारसाठी. अण्णा तटस्थ. आजी म्हणते, तिला कोणताही चालेल, फक्त भोक नीट झाकलेलं हवं. दोनास दोन. सगळे तुमच्याकडे वळतात, आणि माई म्हणते, “थांबा, घरातलं एक मत राहिलंय.”