हिवाळ्यातील ट्राउट : नवशिक्याच्या एका दिवसाची ऐतिहासिक पूर्वपीठिका

१

राज्यव्यवस्था, महसूल, धर्मसंप्रदाय, भाषा यांच्या इतिहासाला आपल्या संशोधनात जे स्थान लाभले, ते करमणुकीच्या इतिहासाला लाभलेले नाही. वस्तुतः राजदरबाराने करमणुकीची दखल घेतल्याचा भक्कम पुरावा दख्खनमध्येच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना रुचणारी आमिषे आणि गळाने त्यांना धरण्याची रीत यांचे त्यात पद्धतशीर निरूपण आहे. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे मत्स्यशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. करमणुकीच्या शास्त्रातून त्या काळाचे निसर्गज्ञान कसे हाती लागते, हे त्यावरून ध्यानात यावे.

प्रस्तुत लेखाचा विषय याच जातीचा, परंतु दूरदेशीचा आहे. पिसे आणि धागा यांची कृत्रिम माशी बांधून ट्राउट धरण्याची जी कला इंग्लंडमध्ये वाढली व पुढे अमेरिकेत गेली, तिच्यात एखाद्या नवशिक्याने ऐन हिवाळ्यात घालविलेला दिवस आपण येथे विचारात घेणार आहोत. हा दिवस वरकरणी निसर्गाच्या सान्निध्यातला वाटतो. प्रत्यक्षात तो ग्रंथपरंपरा, कायदा, मत्स्यबीजाची वाहतूक आणि धरणांची बांधणी या चार गोष्टींनी घडविलेला आहे, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

२

प्रथम त्या दिवसाचे स्वरूप पाहू. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात सॅन हुआन नदीवर नॅव्हाहो धरण आहे. त्याच्या पायथ्याशी जानेवारीतही गळ टाकणारे लोक पाण्यात उभे असतात. हवा गोठणबिंदूच्या खाली गेली की काठीवरील कड्यांत बर्फ धरतो आणि दोर अडकतो. तो बोटांनी फोडावा लागतो. नवशिक्याची पहिली अडचण निराळीच असते. साध्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोराला ओढून नेते. येथे माशी जवळजवळ वजनरहित असल्यामुळे जाड दोराच्या स्वतःच्या वजनानेच ती फेकावी लागते. यासाठी दोर मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबणे आवश्यक असते आणि हे थांबणेच नवशिक्याला साधत नाही.

दुसरी अडचण माशाच्या स्वभावातून उद्भवते. ट्राउट हा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाणी थंड झाले की त्याचे शरीरव्यापार मंदावतात. तो खोल व संथ पाण्यात तळाशी राहतो आणि समोर वाहत येईल तेवढेच टिपतो. त्या ऋतूत त्याचे मुख्य अन्न म्हणजे चिलटांच्या अळ्या व कोश. म्हणून नवशिक्याच्या हाती तांदळाच्या दाण्याहूनही लहान माशी दिली जाते. ती तळाजवळून वाहू दिली जाते आणि पृष्ठभागावर तरंगणारी एक रंगीत खूण किंचित थबकली की काठी उचलावयाची, एवढे त्याला शिकविले जाते. दिवसभरात अशी खूण शेकडो वेळा थबकते. बहुतेक वेळा कारण मासा नसून दगड असतो. उन्हे वर आल्यावरच्या दोनतीन तासांत काय लाभेल तेच लाभ.

३

आता ग्रंथपरंपरा पाहू. कृत्रिम माशीचे विवेचन करणारे इंग्रजीतील पहिले मुद्रित प्रकरण १४९६ मध्ये विंकिन द वर्डे याच्या मुद्रणालयातून बाहेर पडले. परंपरेने ते जुलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर आहे. मात्र तिच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांना शंका आहे. या प्रकरणात बारा माश्या महिनेवार सांगितल्या आहेत. त्यांची गणना मार्चपासून सुरू होते आणि ऑगस्टला संपते. माशीने मासे धरण्याच्या या पहिल्या पंचांगात हिवाळा नाही.

आयझॅक वॉल्टन याचा सुप्रसिद्ध संवादग्रंथ १६५३ मध्ये निघाला; परंतु वॉल्टनचा खरा ओढा आमिषाकडे होता. माशीचे व्यवस्थित शिक्षण त्याचा स्नेही चार्ल्स कॉटन याने दिले. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीला त्याने जोडलेल्या दुसऱ्या भागात डर्बीशरमधील डव्ह नदीकाठी एक अनुभवी गृहस्थ एका प्रवाशाला ही विद्या शिकवितो. माशी कशी बांधावी, काठी कशी धरावी, स्वच्छ पाण्यात दूरून कसे टाकावे, हे सारे प्रवाशाच्या प्रश्नोत्तरांतून उलगडत जाते. नवशिक्याला संवादाचे मध्यवर्ती पात्र केल्यामुळे विद्येच्या अवघड जागा आपोआप उघड होतात. गुरूला जे गृहीत वाटते ते शिष्याच्या प्रश्नामुळे सांगावे लागते.

कॉटनची दुसरी कामगिरी अशी की, त्याने माश्यांची यादी जानेवारीपासून आरंभिली. हिवाळ्यातही एखादा ऊबदार, उजळ दिवस मिळाल्यास माशी चालते, हे त्याला अनुभवाने माहीत होते. जानेवारीसाठी त्याने सांगितलेल्या माश्यांत एक अत्यंत लहान, उजळ करड्या रंगाचे चिलट आहे. ते इतके लहान बांधावयाचे की गळाजवळ घोड्याच्या शेपटीचा एकच केस लावावा, असा त्याचा दंडक आहे. सॅन हुआनवर आज नवशिक्याच्या हाती जी माशी दिली जाते, तिचे हे पूर्वरूपच होय. तीन शतकांहून अधिक काळात साहित्य पालटले, तरी जानेवारीतील ट्राउट काय खातो याचे उत्तर पालटलेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेडरिक हॅलफर्ड याने १८८६ व १८८९ च्या आपल्या ग्रंथांतून पृष्ठभागावर तरंगणाऱ्या माशीलाच प्रतिष्ठा दिली. ही रीत मुख्यतः दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या नद्यांची आणि उबदार महिन्यांची. जी. ई. एम. स्क्यूज याने १९१० मध्ये पाण्याखालील अपक्व कीटकाचे अनुकरण पुन्हा प्रतिष्ठित केले. हिवाळ्यातील नवशिका आज जे करतो ते याच शाखेत मोडते. हॅलफर्डचे निकष लावल्यास तो माशीने मासे धरतो असे म्हणण्यासही अडचण पडेल.

४

ग्रंथ हिवाळ्याला अनुकूल झाले, परंतु इंग्लंडचा कायदा झाला नाही. तपकिरी ट्राउटचा विणीचा हंगाम शरदाच्या अखेरीस व हिवाळ्यात येत असल्यामुळे ब्रिटनमधील नद्यांवर साधारणतः ऑक्टोबरपासून वसंताच्या आरंभापर्यंत त्याला धरण्यास बंदी असते. तारखा प्रदेशपरत्वे बदलतात. कॉटनच्या जानेवारीच्या चिलटाला त्याच्याच देशातील नद्यांवर ट्राउटपुरते स्थान उरले नाही. ते स्थान अटलांटिकच्या पलीकडे निर्माण झाले आणि त्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या.

पहिली म्हणजे माशांचे स्थलांतर. तपकिरी ट्राउट मूळचा अमेरिकेतील नव्हे. १८८३ मध्ये त्याची अंडी जर्मनीहून न्यूयॉर्कला पोचली आणि १८८४ मध्ये मिशिगनमधील एका नदीत त्याची पिले सोडण्यात आली. इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिक किनाऱ्याचा. कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीवरील केंद्रातून त्याचे बीज देशभर व देशाबाहेर गेले. शीतपेटीतून अंडी नेण्याच्या याच युगात, १८९९ मधील अपयशानंतर, १९०० मध्ये काश्मिरात तपकिरी ट्राउट रुजला.

दुसरी गोष्ट म्हणजे धरण. खोल जलाशयाच्या तळाचे पाणी वर्षभर थंड असते. ते हिवाळ्यात गोठत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही. तळाजवळच्या द्वारांतून असे पाणी सुटू लागले की धरणाखालील नदीचे ऋतूच पालटतात. टेनेसीतील नॉरिस (१९३६), आर्कान्सॉमधील नॉरफोर्क (१९४४) व बुल शोल्स (१९५१), न्यू मेक्सिकोतील नॅव्हाहो (१९६२), यूटातील फ्लेमिंग गॉर्ज (१९६४) या धरणांखाली, जेथे पूर्वी ट्राउट जगणे शक्य नव्हते अशा कोमट व गढूळ नद्या स्वच्छ आणि थंड झाल्या. शासकीय केंद्रांनी तेथे ट्राउट सोडले. बर्फाच्या प्रदेशातही वाहते राहणारे पाणी, त्यात भरपूर चिलटे आणि बारमाही परवाना, असा योग जुळून आला. नवशिक्याचा हिवाळी दिवस या योगातून जन्मला.

५

या जन्माची दुसरी बाजू सांगितल्यावाचून विवेचन पूर्ण होणार नाही. कोलोरॅडो खोऱ्यातील नद्यांत अन्यत्र कोठेही न आढळणारे मासे होते : कोलोरॅडो पाइकमिनो, रेझरबॅक सकर, हंपबॅक चब, बोनीटेल. गढूळ पूर आणि तापलेला उन्हाळा यांच्याशी जुळवून घेत त्यांची घडण झाली होती. ट्राउटच्या चाहत्यांच्या व्यवहारात मात्र ते ‘हलके मासे’ ठरले. फ्लेमिंग गॉर्जचा जलाशय भरण्यापूर्वी, सप्टेंबर १९६२ मध्ये, ग्रीन नदी व तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर प्रवाहात रोटेनोन हे विष सोडण्यात आले. नव्या ट्राउटसाठी जागा रिकामी करणे हा त्यामागील हेतू होता. खाली विषाचा प्रभाव नष्ट करण्यासाठी योजलेला उपाय पुरा पडला नाही आणि विष डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत शिरले. सॅन हुआनवरही १९६१ मध्ये असाच प्रयोग झाला होता.

तथापि या ऱ्हासाचे सारे खापर विषावर फोडणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरेल. विषाचा परिणाम काही काळाचा होता. थंड पाण्याचा परिणाम कायमचा ठरला. ज्या पाण्यात ट्राउट फोफावला, त्याच पाण्यात मूळ माशांची वीण खुंटली. वर उल्लेखिलेल्या चारही जाती १९६७ ते १९९१ या काळात अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आल्या आणि १९९२ पासून फ्लेमिंग गॉर्जचा विसर्ग त्यांच्या गरजा ध्यानात घेऊन बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. ज्यांना विष घातले, त्यांच्यासाठीच तीस वर्षांनी धरणाचे दरवाजे वेगळ्या रीतीने उघडावे लागले.

येथे ‘मत्स्यविनोदा’शी तुलना उद्बोधक ठरते. सोमेश्वराच्या ग्रंथात मासे त्यांच्या रूपावरून व आहारावरून ओळखले जातात. त्यांतील अनेक कार्प-गणातील आहेत, आणि पाइकमिनो व रेझरबॅकही त्याच गणातले. एका परंपरेत जो गण राजाच्या विनोदाला योग्य ठरला, तोच दुसऱ्या परंपरेत नदीतून काढून टाकण्याजोगा ठरला. माशांची प्रतिष्ठा माशांत नसते. ती त्यांना धरणाऱ्या समाजाच्या अभिरुचीत असते, आणि त्या अभिरुचीच्या हाती यंत्रसामर्थ्य आले की नदीचे भवितव्य ठरते.

यावरून नवशिक्याचा तो दिवस निंद्य ठरत नाही. थंडीत तासन्‌तास उभे राहून पाणी वाचावयास शिकणे हे निरीक्षणाचे चांगले शिक्षण आहे आणि कॉटनच्या प्रवाशाशी त्याचे नाते खरे आहे. परंतु कॉटनच्या प्रवाशाने पाहिलेल्या नदीत पाणी व मासा दोन्ही त्या भूमीचे होते; सॅन हुआनवरील नवशिका जे पाहतो त्याला जन्मतारीख आहे. ती तारीख शोधणे हे इतिहासाचे काम होय. गेल्या शतकात आपल्याकडेही सह्याद्रीच्या नद्यांवर अनेक धरणे उभी राहिली. त्यांनी किती जमीन भिजविली व किती वीज दिली याच्या नोंदी विपुल आहेत. त्या धरणांच्या खालच्या अंगाला कोणता मासा होता, त्याला कोण कसे धरीत असे आणि तो केव्हा दिसेनासा झाला, याचा शोध घेण्यास गावोगावच्या गळ टाकणाऱ्यांची साक्ष उपयोगी पडेल. ही साक्ष वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. ती नोंदवून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.