पाणी अडवणारा खलनायक

परवा रात्री यूट्यूबवर १९३३ सालचा ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ पाहिला. कृष्णधवल वेस्टर्न, तासाभराचाही नाही. हिरो जॉन वेन, आणि तो चक्क गातो! आवाज अर्थात दुसऱ्याचा.

त्याआधी तीन वर्षं ‘द बिग ट्रेल’ हा वेनचा पहिला मोठा सिनेमा ७० मिलिमीटरवर काढला होता. थिएटरवाल्यांनी नुकताच बोलपटाच्या यंत्रांवर पैसा घातलेला, वर मंदी. नवा प्रोजेक्टर घेणार कोण? सिनेमा आपटला. मग १९३९ च्या ‘स्टेजकोच’पर्यंत वेन अशाच स्वस्तातल्या सिनेमांत घोडे पळवत राहिला.

गंमत म्हणून पाहायला बसलो आणि गोष्टीत अडकलो. कारण यातला खलनायक बँक लुटत नाही. त्याने खोऱ्यातलं पाणी ताब्यात घेतलंय. पाणी हवं तर तो सांगेल त्या दराने करार करा, नाहीतर जमीन सोडून चालते व्हा. शेवटी विहिरीत सुरुंग फुटतो, पाणी उसळून वाहू लागतं आणि सरकारने गुपचूप पाठवलेला हिरो जिंकतो. १९३६ च्या ‘किंग ऑफ द पेकोस’मध्येही पाणी बळकावणारा जमीनदारच आहे.

हा दुसरा सिनेमा लोन पाइन गावाजवळ चित्रित झाला. गाव कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात. याच खोऱ्याचं पाणी लॉस एंजेलिस शहराने १९१३ साली सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा काढून नेलं होतं. शहराने आधी गाजावाजा न करता जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले. म्हणजे कागदोपत्री सगळं चोख.

१९२४ साली शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोन पाइनजवळचे दरवाजे ताब्यात घेऊन काही दिवस पाणी परत नदीकडे वळवलं. पण १९२७ मध्ये आंदोलनाचे पुढारी असलेल्या दोघा भावांच्या बँका बुडाल्या, अफरातफरीसाठी ते तुरुंगात गेले आणि लढा मोडला. ओवेन्स सरोवर आटलं. त्याच्या तळातून उडणारी धूळ बसवायला शहराला पुढे प्रचंड खर्च करावा लागला.

म्हणजे बघा, हॉलिवूड त्याच शहरातलं. तिथली मंडळी खोऱ्यात येऊन पाणी चोरणाऱ्याला धडा शिकवायची, आणि रात्री घरी जाऊन त्याच खोऱ्याचं पाणी प्यायची. पडद्यावर दोषी एकच माणूस, तोही मिशीवाला. खऱ्या खोऱ्यात दोषी म्हणून बोट कोणाकडे दाखवायचं? खरेदीखतं होती, मतदारांनी मंजूर केलेले कर्जरोखे होते आणि तहानलेलं शहर होतं.

आपल्याकडेही धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, गावाचा, उसाचा, कारखान्याचा की शहराचा, हे कागदावरच ठरतं. तेव्हा तो कागद वाचायची सवय लावून घेऊ या. घोड्यावरून कोणी येणार नाहीये.