योहानाच्या टेकडीवरील द्राक्षमळा

वेदीवरील चषकात ओतला जाणारा द्राक्षारस कोणत्या मळ्यातून आला, हे आपण भाविक सहसा विचारीत नाही. युरोपातील मठवासीयांना मात्र हा प्रश्न रोजचा होता. मळा त्यांचा आणि त्यातील कष्टही त्यांचे. त्यांच्या हातच्या एका मळ्याची ही कथा.

जर्मनीत उत्तरेकडे निघालेली ऱ्हाईन नदी मैंझ शहरापाशी टाऊनुस डोंगरांना अडते आणि सुमारे तीस किलोमीटर पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे तिच्या उजव्या काठचा उतार दक्षिणेच्या उन्हाला सामोरा राहतो, तर पाठीमागचा डोंगर थंड वारा अडवितो. पन्नासावे अक्षवृत्त या मळ्यातूनच जाते. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकते, ही त्या उताराचीच देणगी. सन ११०० च्या सुमारास बेनेडिक्टाईन संन्याशांनी येथे मठ स्थापला. त्याचे मंदिर बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाला वाहिलेले, म्हणून टेकडीचे नाव योहानिसबर्ग.

१५६३ साली मठ मोडला. १७१६ मध्ये फुल्डाच्या मठाधिपतींनी ती मोडकळीस आलेली मालमत्ता विकत घेतली आणि १७२० पासून रीसलिंग या एकाच पांढऱ्या जातीच्या वेलींची मोठी लागवड केली. नाना जातींच्या वेली एकत्र लावण्याच्या त्या काळात हे धाडसच होते.

तोडणीस परवानगी मात्र फुल्डाहून यावी लागे. घड पिकल्याचे मळ्यातल्या माणसाला दिसत होते. कात्री लावण्याचा अधिकार दीडशे किलोमीटर दूर होता! १७७५ साली परवानगी आणणारा स्वार फारच उशिरा परतला. (तो का रेंगाळला, याच्या सुरस कथा पुष्कळ आहेत, त्या आम्ही सोडून देतो.) तोवर घडांवर बुरशी चढली होती. मठवासीयांनी ते फळ फेकले नाही, गाळले. पुढच्या वसंतात रस चाखला, तेव्हा तो अपूर्व गोड निघाला. ही बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, पाणी उडून जाते आणि साखर दाटते. उशिरा तोडणीची प्रथा तेथे तेव्हापासून रुजली. आज्ञापालनाचे हे फळ, असे कोणी म्हणतात. आम्हांस त्यात अन्न वाया न घालविणाऱ्या हातांची काटकसर अधिक दिसते.

ते हातच पुढे मळ्याला पारखे झाले. १८०२ मध्ये धर्मसंस्थेच्या जमिनी राजसत्तेने ताब्यात घेतल्या, त्यात हाही गेला. नेपोलियनने तो आपल्या एका सेनापतीला दिला. १८१६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने मुत्सद्दी मेटरनिखला बहाल केला, पण उत्पन्नाचा दशांश स्वतःकडे राखून. दशांश उरला, फक्त घेणारा बदलला.

आजही बाटलीवर गावाचे नाव लागत नाही, मळ्याचेच पुरते. ऑगस्ट १९४२ च्या बॉम्बवर्षावात मंदिर जळाले. पुढे ते जुन्याच धाटणीत बांधले गेले. मठवासी परतले नाहीत. मंदिर आता तेथील धर्मग्रामाचे आहे, आणि त्याच्या खालून वेलींच्या रांगा ऱ्हाईनकडे उतरत जातात.