तीन पायांचे गाणे

जे अचलपूर इमादशाहीची राजधानी होते, मोगलांच्या वऱ्हाड सुभ्याचे सदर ठाणे होते आणि १९०५ मध्ये अमरावतीत विलीन होईपर्यंत स्वतःच्या नावाच्या जिल्ह्याचे मुख्यालय होते, त्याच्या इतिहासात खेळण्यातल्या एका इवल्याशा सुट्या भागाला जागा द्यावी, हे कोणास धाडसाचे वाटेल; परंतु मुलांच्या हातांनी काय घडविले याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही, एवढ्यावरून ते इतिहासाबाहेरचे ठरत नाही.

पूर्वीच्या खेळण्याचा आवाज त्याच्या द्रव्यातूनच निघे: खुळखुळ्याचा खड्यांतून, पिपाणीचा फुंकरीतून. ऐंशीच्या दशकात तैवानच्या यूएमसी या कंपनीने, जिची स्थापना १९८० ची, 'यूएम६६' नावाची चिप आणली आणि खेळण्याचा आवाज वस्तूपासून विलग होऊन स्मृतीत साठविला गेला. तिला ट्रान्झिस्टरप्रमाणे तीनच पाय होते. पोटात चौसष्ट स्वरांची जागा होती. आणि दोन पेन्सिल सेल, एक ट्रान्झिस्टर व लहानसा स्पीकर डाख देऊन जोडला की ती गाऊ लागे. तिच्या स्वस्ताईचे मर्म असे की, सूर कारखान्यातच कायमचा कोरला जाई, बाहेरून स्वर जुळवावे लागत नसत, आणि शुभेच्छापत्रे, दारावरच्या घंटा व मोटार मागे घेतानाचे भोंगे यांच्यासाठी तोच माल अमाप प्रमाणात निघत असे. शुभेच्छापत्रात तर वेष्टनाचाही खर्च वाचवून उघड्या चिपवर काळ्या राळेचा नुसता थेंब टाकलेला असे. म्हणून फाटके, पण अजून गाणारे शुभेच्छापत्र हौशी मुलाला मोलाचे वाटावे, यात नवल नाही.

नवा माल हवा असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या पेठेकडे पाहावे लागे. तिकडची वाट म्हणजे अचलपूरहून मूर्तिजापूरपर्यंत ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी, आणि पुढे मुंबई-नागपूर मुख्य लोहमार्गावरची मोठी गाडी. शकुंतलेची जी वाट किलिक निक्सन कंपनीच्या कारभारात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्याकरिता पडली, तिच्या उलट्या दिशेने आता चिमटीत मावणारा माल येऊ शकत होता.

मला मात्र खंत वाटते ती सुरांची. यूएम६६ च्या एकोणिसाव्या प्रकारात बेथोव्हेनचे १८१० मधील 'फ्यूर एलिझे' होते; आपल्याकडची ओवी वा आरती त्या मालिकेत नव्हती, आणि असा एखादा सूर कोरून घेणे लाखांच्या मागणीवाचून कोणत्याही कारखान्यास परवडणारे नव्हते. वऱ्हाडी मुलाने स्वतः बांधलेले खेळणे व्हिएन्नाच्या सुरात बोले, एवढेच त्याच्या हाती होते. हे बंधन नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रण करणाऱ्या चिपांनी तोडले. आयएसडी १४२० ही चिप वीस सेकंद आवाज साठवी आणि वीज गेली तरी तो विसरत नसे. आजीची एखादी ओवी तीत सहज मावली असती. तथापि तिचे मोल यूएम६६ च्या अनेक पट होते, त्यामुळे घरच्या खेळण्यात 'फ्यूर एलिझे'च पुढेही पुष्कळ वर्षे वाजत राहिले.