काळे आधी की कावळे?

आमच्या लासूर स्टेशनला सप्ताहाच्या वर्गणीची यादी मी पायथनने आडनावांप्रमाणे लावली. काळेकाका कागद घेऊन आले, "माझे पैसे लिहिलेच नाहीत का रे?" ते 'कावळे'च्या खाली बघत होते, यादीत काळे वर गेले होते.

शाळेच्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. संगणकात मात्र तो ल ला चिकटून बसलाय. गोष्ट जुनी आहे. १९८८ च्या भारतीय 'इस्की' संकेतात हीच मांडणी होती, १९९१ मध्ये युनिकोडने तीच उचलली. पायथन बिचारा फक्त अक्षरांचे क्रमांक बघतो.

२००४ मध्ये, २.४ आवृत्तीत, त्याच्या सॉर्टला 'की' मिळाली, म्हणजे प्रत्येक नोंद कशावरून लावायची हे सांगणारं फंक्शन. त्यात मी ळ ला ह च्या मागे पाठवलं. काका सापडले. क्ष आणि ज्ञ अजून बाकी आहेत!